पॉवर बँक (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यातील वापर)

पॉवर बँक : मोबाइल, कानातले हेडफोन, मनगटी घड्याळ, कॅमेरा, टॅब किंवा लॅपटॉप प्रवासात चार्ज करण्यासाठी सोबत बाळगायचा विजेचा साठा. लिथियम-आयन किंवा लिथियम-पॉलिमर विद्युतघट, त्यांचे रक्षण करणारे मंडल आणि यूएसबी खाचा एवढाच त्याचा संसार. भिंतीवरच्या प्लगवर तो भरून घ्यायचा आणि प्लग नसेल तिथे रिता करायचा. घरी वीज गेल्यावर तो उपयोगी पडतोच, पण मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत तो मुख्यतः लोकलच्या प्रवाशाचे साधन आहे. डबा, पाण्याची बाटली, छत्री यांच्याच कप्प्यात तो असतो.

प्रवासाचे गणित. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर सुमारे ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. फास्ट लोकल वेळेवर असली तरी बदलापूर ते सीएसएमटी साधारण दीड तास जातो, म्हणजे येऊन-जाऊन तीन तास गाडीतच. शिवाय सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथचे काही प्रवासी आधी उलट दिशेने बदलापूरला जातात आणि तीच गाडी धरून ‘रिटर्न’ येतात. त्यावरून डब्यात होणारी भांडणे हा या मार्गाचा जुना विषय आहे. पहाटे शंभर टक्के भरलेला फोन संध्याकाळी दादरच्या पुलावर पंधरा टक्क्यांवर येतो, तो एकट्या सिनेमा-मालिकांमुळे नाही. लोकलच्या साध्या डब्यात चार्जिंगची सोय नसते आणि ऑफिसात दिवसभर प्लगजवळ बसायला मिळणारे थोडेच. विक्री, डिलिव्हरी, बांधकाम, इस्पितळातील पाळी अशा कामांतल्या माणसाला दिवसभर प्लग दिसतही नाही.

त्यात तिकीट फोनमध्ये गेले. मुंबई उपनगरी मार्गावर यूटीएस अ‍ॅपवरचे तिकीट डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. २०२५ मध्ये रेल्वेने ‘रेलवन’ हे एकत्रित अ‍ॅप आणले. एकदा काढलेले मोबाइल तिकीट दाखवायला इंटरनेट लागत नाही, पण फोन मात्र चालू लागतो. बॅटरी संपली ही सबब तिकीट तपासनीस मानत नाही. दाखवता न आलेले तिकीट नसल्यातच जमा. विनातिकीट प्रवासाचा किमान दंड २५० रुपये आहे, वर भाडे वेगळे. गाडी किती उशिरा आहे हे पाहायचे एम-इंडिकेटर, रिक्षाचे आणि वडापावचे पैसे द्यायचे यूपीआय, ‘कल्याण सुटली’ असा घरी जाणारा निरोप, सगळे त्याच फोनवर. त्यामुळे या पट्ट्यात पॉवर बँकेला चैनीची वस्तू म्हणणे आता जुन्या काळातले वाटते. ज्याचा पास छापील आहे आणि खिशात सुटे पैसे आहेत, त्याने मात्र खुशाल म्हणावे.

क्षमता. पॉवर बँकेवर ठळक अक्षरांत छापलेला आकडा आणि फोनमध्ये प्रत्यक्ष उतरणारी वीज यांत मोठे अंतर असते. त्यात बहुतेक वेळा फसवणूक नसते, पण कंपन्या ते समजावून सांगण्याच्या फंदात पडत नाहीत. १०,००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, ही क्षमता आतल्या घटाची असते आणि ती घटाच्या सरासरी ३.७ व्होल्ट दाबाला मोजलेली असते. दोन्हींचा गुणाकार केला की ३७ वॉट-तास निघतात, आणि खरा साठा तोच. यूएसबीतून वीज बाहेर पडते ती किमान ५ व्होल्टने. दाब वाढवला की त्याच साठ्याचे मिलिअँपिअर-तास ७,४०० वर येतात. दाब बदलताना काही वीज उष्णतेत जाते, काही केबलमध्ये, काही फोनच्या चार्जिंग मंडलात. हिशेबाअंती छापील आकड्याच्या साठ-पासष्ट टक्के हाती लागले तर माल चांगला समजावा. आजच्या ५,००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-तास मावतात. म्हणजे १०,००० ची पॉवर बँक असा फोन दोनदा नव्हे, सव्वा वेळा भरते.

‘रेटेड कपॅसिटी’ या शीर्षकाखाली बारीक अक्षरांत दुसरा, लहान आकडा छापलेला असतो. विकत घेताना तोच वाचावा. जिथे तो आकडा नाही आणि वॉट-तासही दिलेले नाहीत, तिथे दुकानदाराच्या बोलण्यावर जाण्यात अर्थ नाही.

लोकलच्या प्रवाशाला १०,००० पुरते. वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास आणि १८–२० वॉटचा चार्जर असेल तर ती तीनेक तासांत भरते. जुन्या १० वॉटच्या चार्जरवर रात्रभर लावून ठेवावी लागते. २०,००० ची पॉवर बँक (७४ वॉट-तास) लॅपटॉपवाल्यांसाठी ठीक, पण तिचे वजन जवळजवळ दुप्पट होते. पाठीवरची सॅक पोटाशी घेऊन तासभर उभे राहणाऱ्याच्या खांद्याला तो फरक कळतो. लॅपटॉपसाठी नुसती क्षमता मोठी असून भागत नाही. टाइप-सी खाचेतून ‘पॉवर डिलिव्हरी’ प्रणालीने ४५ ते ६५ वॉट बाहेर पडायला हवेत, केबलही तेवढ्या भाराची हवी.

रचना. जाड, विटेसारख्या पॉवर बँकेत बहुधा ‘१८६५०’ जातीचे दंडगोल घट असतात. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, यावरूनच ते नाव. चपट्या पॉवर बँकेत पाकिटासारखे लिथियम-पॉलिमर घट असतात. लिथियम-आयन घट बाजारात प्रथम सोनी कंपनीने १९९१ मध्ये आणला. त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. घट ४.२ व्होल्टपर्यंत भरला की भरणे थांबवायचे, फार खाली गेला की उपसा तोडायचा, शॉर्ट झाल्यास बंद पडायचे, ही कामे रक्षक मंडल करते. स्वस्त मालात पहिली काटछाट याच मंडलात होते. बाहेरून ती दिसत नाही.

बाजूच्या चार दिव्यांपैकी प्रत्येक दिवा ढोबळमानाने पंचवीस टक्के दाखवतो. शेवटचा दिवा लुकलुकू लागला की उरलेल्या विजेचा भरवसा धरू नये. कानातल्या हेडफोनसारखे छोटे उपकरण लावले की पॉवर बँक काही वेळाने आपोआप बंद पडते, कारण इतका कमी उपसा तिला ‘काही जोडलेलेच नाही’ असा वाटतो. अनेक मॉडेलांत बटण दोनदा दाबून मंद प्रवाहाची रीत चालू करता येते. ही सोय माहीत नसल्याने चांगली पॉवर बँक ‘बिघडली’ म्हणून परत करणारे पुष्कळ.

गर्दीतील वापर. डब्यात वापरायची केबल वीतभरच असावी. लांब केबल दुसऱ्याच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकते आणि ठाण्याला उतरणाऱ्यांच्या लोंढ्याबरोबर फोनही उतरतो. फोन आणि पॉवर बँक सॅकच्या एकाच आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावणे ही रूढ पद्धत. मात्र जलद चार्जिंग चालू असताना दोन्ही तापतात. रुमालात, स्वेटरात गुंडाळून ठेवल्यास ती उष्णता बाहेर पडत नाही. दारात उभे राहून, लोंबत्या केबलला जोडलेला फोन हातात धरणे सर्वांत वाईट. रुळांलगत उभे राहून हातावर फटका मारणाऱ्या चोरांसाठी ते आमंत्रणच. केबल विकणारे फेरीवाले डब्यात भेटतात. अडीनडीला त्यांच्या केबलने काम भागते, पण जलद चार्जिंगची अपेक्षा तिच्याकडून धरू नये.

महालक्ष्मी एक्सप्रेस, २०१९. प्रवासात फोन जिवंत राहण्याचे मोल या पट्ट्याने एकदा फार जवळून पाहिले. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, उल्हास नदीच्या पुरात अडकली. रूळ पाण्याखाली गेले, चारी बाजूंना पाणी. गाडीत हजारावर प्रवासी, त्यांत गरोदर स्त्रिया आणि लहान मुलेही होती. गाडीतून उतरू नका, गाडीच सुरक्षित आहे, असे आवाहन रेल्वेने समाजमाध्यमांवरून केले. म्हणजे ते थेट वाचायला चालू फोन हवा होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या, नौदल, लष्कर, हवाई दल आणि आसपासचे गावकरी यांनी मिळून २७ जुलैच्या दुपारपर्यंत सर्वांना बाहेर काढले. प्राणहानी झाली नाही.

लांब पल्ल्याच्या डब्यात सॉकेट असते, मग अडचण काय, असा प्रश्न येथे पडेल. जुन्या धाटणीच्या डब्यांत वीज चाकांच्या आसावर चालणाऱ्या जनित्रातून येते. गाडी थांबली की डब्याखालच्या बॅटऱ्यांवर काम चालते आणि त्या दिवे-पंख्यांतच रित्या होत जातात. एरवीही रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत, आगीच्या भीतीने, ही चार्जिंगची सॉकेटे बंद ठेवण्याचा रेल्वेचा नियम आहे. सॉकेटवर ११० व्होल्टची वीज असते, पण १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या मोबाइल चार्जरला ती चालते.

अडकून पडल्यावर पॉवर बँक असूनही काटकसर करावी लागते. सिग्नल कमजोर असेल तिथे फोन टॉवर शोधण्यातच बॅटरी उडवतो. कुटुंबातला एक फोन चालू ठेवून बाकीचे बंद करावेत, व्हिडिओऐवजी एसएमएस पाठवावा, आणि पॉवर बँकेने फोन शंभर टक्क्यांपर्यंत न भरता लागेल तसा थोडा-थोडा भरावा.

डोंगरवाटा. बदलापूर–वांगणीजवळचा चंदेरी, अंबरनाथ–कल्याणकडून जायचा मलंगगड आणि पावसाळ्यात कोंडेश्वरचा धबधबा ही येथील भटकंतीची ठिकाणे. चंदेरीची चढण दमवणारी आहे आणि वाट चुकणारे दरवर्षी असतात. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून फोन विमान मोडवर टाकला तर जीपीएस चालूच राहते आणि पॉवर बँकेला दिवसभर हात लावावा लागत नाही. ती चेनच्या प्लास्टिक पिशवीत, सॅकच्या मध्यभागी असावी. ओल्या खाचेत केबल घुसवणे टाळावे. टाइप-सीची टोके ओलाव्याने काळी पडतात आणि मग चार्जिंग कधी होते, कधी होत नाही.

खरेदी. स्वस्त पॉवर बँकेची लाट भारतात २०१४ च्या सुमारास आली. शाओमीची १०,४०० एमएएचची बँक तेव्हा ९९९ रुपयांना मिळत होती. पाठोपाठ नकला आल्या. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद फाळणीनंतर कॅम्पात वसलेल्या या शहराने सात दशके सोसला आहे. बनावट पॉवर बँक मात्र देशभर कुठल्याही स्टेशनबाहेर मिळते, त्यासाठी एका गावाला धरणे अन्यायाचे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले घट, एक खरा घट आणि बाकी वजनासाठी वाळू, असे नमुने उघडलेल्या खोक्यांत सापडतात. खोक्यावर ५०,००० छापलेले आणि वजन मात्र १०,००० वालीएवढे, असा माल तिथल्या तिथे परत करावा.

भारतात पॉवर बँकेला भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते. खोक्यावर आणि वस्तूवर मानकचिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. दुकानात उभ्या उभ्या मिनिटभरात होणारे हे काम फारसे कोणी करत नाही. नावाजलेल्या कंपनीचा मालही अगदी निर्धोक असतो असे नाही. जून २०२५ मध्ये अँकर कंपनीने अमेरिकेत आपल्या एका मॉडेलच्या ११ लाखांहून अधिक पॉवर बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या.

उष्णता आणि आयुष्य. समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशीत असल्याने बदलापूर–अंबरनाथचा एप्रिल मुंबईपेक्षा बराच तापतो. लिथियम घट ४५ अंशांवर भरू नये असा दंडक आहे. उन्हात लावलेल्या दुचाकीच्या डिकीत तापमान त्यापुढे सहज जाते. स्टेशनच्या पार्किंगमध्ये दिवसभर डिकीत पॉवर बँक ठेवणारा तिचे आयुष्य स्वतःच कमी करतो. चांगला घट साधारण तीनशे ते पाचशे भरण्यांनंतर मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येतो. वापर नसेल तेव्हा ती अर्धी भरून ठेवावी. फुगलेली, कवच उचकटलेली किंवा गोडसर रासायनिक वास येणारी पॉवर बँक पुन्हा चार्जिंगला लावू नये.

विमानप्रवास. पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात चालते, चेक-इन बॅगेत कधीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही (२७,००० एमएएच म्हणजे जवळपास तेवढेच). १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती हवी, त्यापुढे बंदी. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वी जळाले. तपासात पॉवर बँकेकडे संशयाची सुई वळली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी नियम कडक केले. एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यासच मनाई केली. आकडा पुसट झालेली जुनी पॉवर बँक सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते. दुबईला नोकरीसाठी जाणाऱ्याने ती घरीच ठेवलेली बरी.

विल्हेवाट. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ग्राहकाने त्या घरगुती कचऱ्यात मिसळू नयेत. घंटागाडीच्या दाबयंत्रात चिरडलेला लिथियम घट पेट घेतो आणि ती आग कचराभूमीपर्यंत जाते. निकामी पॉवर बँकेच्या खाचांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलनाकडे किंवा अधिकृत सेवा केंद्राकडे द्यावी. फुगलेली असेल तर तोवर घरात न ठेवता गॅलरीत, मातीच्या कुंडीत किंवा वाळूच्या डब्यात ठेवावी.