‘कॅथी कम होम’ आणि ब्रिटनमधील बेघर कुटुंबे : एक ऐतिहासिक परामर्श

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या कल्याणकारी राज्याचा इतिहास लिहिताना आरोग्यसेवा, विमा व शिक्षण यांचा उल्लेख नेहमीच गौरवाने होतो. याच व्यवस्थेत बेघर कुटुंबांच्या वाट्याला काय आले, हा विषय मात्र बराच काळ अहवालांच्या पानांतच पडून राहिला होता. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी बी.बी.सी.ने ‘कॅथी कम होम’ हे दूरचित्रवाणी नाट्य प्रसारित केले आणि सुमारे १ कोटी २० लाख प्रेक्षकांनी तो विषय आपल्या घरात बसून पाहिला. लेखक जेरेमी सँडफर्ड, दिग्दर्शक केन लोच व निर्माते टोनी गार्नेट यांच्या या कृतीचे श्रेय नेमके कोणते, आणि कोणते श्रेय तिला उगाच दिले जाते, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुना ‘गरीब कायदा’ रद्द केला. ज्यांची निकड आधी ओळखता येण्यासारखी नव्हती, अशांना तात्पुरता निवारा देण्याची जबाबदारी या कायद्याने स्थानिक प्रशासनावर टाकली. आग किंवा पूर यांसारख्या आपत्तींना हे शब्द लागू पडत होते. पण भाडेकरूला घरातून काढले जाणार हे त्याला नोटीस मिळाल्यापासून ठाऊक असते. मग ही निकड ‘अनपेक्षित’ कशी, असा सवाल कचेऱ्यांतून विचारला जाऊ लागला. १९५७ च्या भाडे कायद्याने अनेक घरांवरील भाडेनियंत्रण उठल्यावर असे कुटुंबप्रमुख दाराशी वाढतच गेले. त्यातच लंडनबाहेर कल्याण विभाग व बाल विभाग काउंटीच्या ताब्यात, तर प्रत्यक्ष घरे जिल्हा परिषदांच्या ताब्यात होती. म्हणजे बेघरांना ठेवून घेणारी कचेरी वेगळी आणि घर देऊ शकणारी कचेरी वेगळी. दोघींच्या मध्ये कुटुंब अडकत असे.

निवारा म्हणून बहुधा जुनी वर्कहाऊसे, म्हणजे दरिद्रीगृहेच, वापरली जात. दक्षिण लंडनमधील न्यूइंग्टन लॉज ही त्यांपैकीच एक. सँडफर्ड यांच्या शेजारचे एक कुटुंब घरातून काढले गेल्यावर तेथे पोहोचले. सँडफर्ड यांनी ती जागा पाहिली आणि त्यावर १९६० साली नभोवाणीसाठी कार्यक्रम केला. त्याचा विशेष परिणाम झाला नाही. केंट काउंटीतील किंग हिल या आश्रयगृहात तर आई व मुले यांनाच राहता येई. पतीला केवळ भेटीच्या वेळी प्रवेश होता आणि मुक्कामाला मुदत होती. १९६५ मध्ये तेथील कुटुंबांनी हे नियम मोडले. पती आत राहू लागले. काउंटीने न्यायालयातून मनाई हुकूम आणले आणि ते मोडल्याबद्दल काही पतींना तुरुंगात जावे लागले. बायकोमुलांसोबत राहणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरावा, ही गोष्ट कोणत्याही समाजाने विसरू नये अशी आहे. १९६६ मध्ये सरकारने कुटुंबांची ताटातूट करू नये असे परिपत्रक काढले खरे. परंतु परिपत्रक हा सल्ला असतो, ते बंधनकारक नव्हते.

या पार्श्वभूमीवर कॅथीची कथा पाहिली पाहिजे. तरुण जोडपे, पतीचा अपघात, कमी झालेले उत्पन्न, सासूच्या दाटीवाटीच्या घरातील मुक्काम, दयाळू घरमालकिणीचा मृत्यू, मग कॅरव्हॅन, पडके घर, आश्रयगृह, आणि अखेर रेल्वे स्थानकावर तिच्या हातातून ओढून घेतली जाणारी मुले. यातील एकेक पायरी निरनिराळ्या अहवालांत नोंदलेली होती. पण प्रत्येक विभागाच्या कागदावर कुटुंब तेथपर्यंतच दिसे, जेथपर्यंत त्या विभागाचे काम होते. घराबाहेर पडलेली तीच बाई पुढे बाल विभागाच्या दप्तरात ‘मुलांना सांभाळू न शकणारी आई’ म्हणून नोंदली जाते, हा संबंध एकाच माणसाच्या मागे सलग चालल्याशिवाय दिसत नाही. कथेने हेच केले. पालक बेघर असल्यामुळे दरवर्षी सुमारे ४,००० मुले त्यांच्यापासून वेगळी केली जातात, हा आकडा नाट्याच्या शेवटी पडद्यावर दाखवला गेला. तोवर प्रेक्षकाला त्यातील एक आई परिचित झालेली होती.

स्थानिक प्रशासनातील काही अधिकाऱ्यांनी तपशिलांवर आक्षेप घेतले. मात्र मुलांना संस्थेत पाठवण्याची वेळ येऊ नये म्हणून कुटुंबाला मदत, प्रसंगी रोख रक्कमही, देण्याची मुभा १९६३ च्या बालक व तरुण व्यक्ती कायद्याने आधीच दिलेली होती. तेव्हा कायद्यात तरतूद नव्हती, ही सबब पूर्णपणे टिकत नाही.

आता श्रेयाचा प्रश्न. बेघरांसाठी काम करणारी ‘शेल्टर’ ही संस्था या नाट्यातून जन्मली, असे वारंवार सांगितले जाते. ते खरे नाही. तिची तयारी ब्रूस केनरिक आदींनी आधीपासून चालवली होती. १ डिसेंबर १९६६ रोजी, प्रसारणानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, ती जाहीर झाली आणि प्रक्षुब्ध लोकमताचा तिला मोठा लाभ मिळाला, इतकेच. कायदा बदलायला तर ११ वर्षे लागली. लिबरल खासदार स्टीफन रॉस यांच्या खाजगी विधेयकातून १९७७ चा बेघर व्यक्ती गृहनिर्माण कायदा झाला आणि जबाबदारी गृहनिर्माण यंत्रणेकडे आली.

कथेच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. सँडफर्ड यांनी निवडलेले मध्यवर्ती जोडपे गोरे, कष्टाळू व निर्दोष होते. त्यामुळे सहानुभूती मिळवणे सोपे गेले. त्याच काळात कॅरिबियन बेटांतून व भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांना कातडीच्या रंगावरून खोली नाकारली जात होती. १९६५ च्या वंशसंबंध कायद्यात घरांचा समावेशच नव्हता. तो १९६८ मध्ये झाला. १९७७ च्या कायद्यानेही गरजूंची प्रतवारी सोडली नाही. मुले असलेल्या कुटुंबांना अग्रक्रम मिळाला, पण ‘हेतुपुरस्सर बेघर’ झालेल्यांना कायमच्या घराचा हक्क नाकारण्यात आला. भाडे थकल्यामुळे घर गमावलेले कुटुंब यात मोडते की नाही, हे ठरवण्याचे काम पुन्हा त्याच कचेरीकडे आले, जिच्याकडे देण्यासाठी घरे अपुरी होती.