पांढऱ्या चेहऱ्याची किंमत : गुरांच्या डोळ्यांचा कर्करोग आणि विषाणूचा शोध

१/१० इंग्लंडच्या हेरफर्डशायर परगण्यात घडलेल्या हेरफर्ड गुरांचा पांढराशुभ्र चेहरा ही त्यांच्या जातीची खूण होय. १८१७ साली हेन्री क्ले या राजकारण्याने ही गुरे अमेरिकेत आणली. पुढे ती टेक्सासपासून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडपर्यंत पसरली. मात्र प्रखर उन्हाच्या या प्रदेशांत हाच चेहरा त्यांचा वैरी ठरला. #धागा

२/१० बुबुळ आणि डोळ्याचा पांढरा भाग जेथे मिळतात तेथे, किंवा पापणीवर, प्रथम पांढरट चट्टा उमटतो. त्यातून चामखिळीसारखी वाढ होते. काही चट्टे आपोआप विरतात, तर काहींचे कर्करोगात रूपांतर होते. तरुण गुरांत हा रोग क्वचितच आढळतो. वयाबरोबर तो वाढत जातो.

३/१० गोपालकासाठी हे मोठे नुकसान असते. गाठ वाढली की डोळा जातो. कत्तलखान्यात अशा जनावराचे डोके नाकारले जाते आणि रोग शरीरात पसरला असल्यास सारे मांसच बाद ठरते. म्हणूनच ‘कारण कोणते?’ हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हता. कारण विषाणू असेल तर लस शोधावी लागणार होती, आणि ऊन व कातडीचा रंग असेल तर पैदास बदलावी लागणार होती.

४/१० १९५७ साली अँडरसन, लश आणि चेंबर्स या अमेरिकी संशोधकांनी पापणीचा रंग व हा रोग यांचा संबंध मांडला. ज्यांच्या पापण्यांत रंगद्रव्य अधिक, त्यांना हा रोग कमी. शिवाय हा रंग आनुवंशिक होता. सूर्याच्या अतिनील किरणांवरील संशय त्यामुळे बळावला.

५/१० तरीही विषाणूचा विचार मागे पडला नाही, आणि त्याला इतिहासाचा आधार होता. १९११ मध्ये पेटन राऊस यांनी कोंबड्यांतील गाठ विषाणूमुळे होते असे दाखवले. १९३३ मध्ये रिचर्ड शोप यांनी रानटी सशांच्या चामखिळींमागील विषाणू शोधला. पुढे त्याच चामखिळींतून कर्करोग उद्भवतो असेही दिसले. गुरांच्या डोळ्यातील रोगही चामखिळीच्या वाटेनेच जात होता.

६/१० डोळ्यांच्या काही गाठींत हर्पिस कुळातील विषाणू सापडले. परंतु या कुळातील एक विषाणू गुरांत डोळ्यांचा व श्वसनमार्गाचा नेहमीचा संसर्ग घडवतो. त्यामुळे केवळ त्याच्या उपस्थितीवरून दोष सिद्ध होईना. घटनास्थळी आढळलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो.

७/१० १९८२ साली क्वीन्सलंडमधील फोर्ड, जेनिंग्ज, स्प्रॅडब्रो आणि फ्रान्सिस यांनी अधिक ठोस पुरावा दिला. कर्करोगापूर्वीच्या चट्ट्यांत व चामखिळींत त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पॅपिलोमा विषाणूचे कण दिसले. पुढे पक्व गाठींत मात्र विषाणूचा डीएनए खात्रीने हाती लागेना.

८/१० मग विषाणू निर्दोष मानावा काय? येथे स्कॉटलंडचा दाखला महत्त्वाचा ठरतो. ग्लासगोचे विल्यम जॅरेट यांनी १९७८ मध्ये दाखवले की, ब्रॅकन हे विषारी नेचे खाणाऱ्या गुरांत अन्नमार्गातील विषाणूजन्य चामखिळी कर्करोगाकडे वळतात. त्या कर्करोगातही विषाणूचा डीएनए टिकून राहिलेला आढळत नाही. म्हणजेच विषाणू आरंभ करून नाहीसा होऊ शकतो.

९/१० याउलट, माणसातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हाराल्ड त्सुर हाउजन यांना १९८०च्या दशकात विषाणूचा डीएनए गाठीतच सापडला. तेथे लस निघाली आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गुरांच्या डोळ्याबाबत ही साखळी जुळली नाही. ऊन, फिकट पापणी व वय ही कारणे प्रस्थापित आहेत. विषाणू हा संभाव्य साथीदार, पण सिद्ध न झालेला.

१०/१० गोपालक मात्र या निकालासाठी थांबले नाहीत. डोळ्यांभोवती गडद तांबूस कडे असलेले वळू व गाई त्यांनी पैदाशीसाठी निवडल्या. जातीची ओळख असलेल्या पांढऱ्या चेहऱ्यावर त्यांनी एवढा डाग आनंदाने स्वीकारला. झेबू वंशाच्या भारतीय गुरांच्या पापण्या बहुधा गडद असल्याने त्यांना या रोगाची झळ कमी बसते. आपल्याकडील बैलांना ग्रासणारा शिंगाचा कर्करोग मात्र अशाच प्रकारच्या पेशींतून उद्भवतो.