सेनानायकाचे सान्निध्य : पेठ ते काळाराम

सेनेचे बळ तिच्या संख्येत, शस्त्रांत व शिस्तीत असते, हे सर्वमान्य आहे. परंतु ऐन संकटात सैनिकाची नजर प्रथम आपल्या नायकाला शोधते, हेही तितकेच खरे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडले. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले. रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला, असे इतिहासकार सांगतात. नायक जिवंत असूनही दिसेनासा झाला, एवढ्यानेच फौज विस्कटली.

नायकाच्या उपस्थितीचे हे सामर्थ्य आणि तिची मर्यादा नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १८५७ साली सिन्नर परिसरात भागोजी नाईक यांनी भिल्लांना संघटित करून उठाव केला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथे त्यांच्यावर चालून आलेला इंग्रज पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री आघाडीवर असतानाच मारला गेला. या घटनेने भिल्लांमध्ये मोठी चेतना निर्माण झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पश्चिमेकडील पेठ संस्थानात आदिवासींचा उठाव झाला. हरसूलचा बाजार लुटला गेला आणि उठावाचे लोण पेठ गावापर्यंत पोहोचले. सरकारने तो मोडून काढला व पेठचे भगवंतराव यांना फाशी दिले. भागोजी नाईक पुढे दोन वर्षे लढत राहिले. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी मिठसागर येथे ते आपल्या साथीदारांसह धारातीर्थी पडले आणि तो संग्राम मावळला.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. हेन्री पडला, तेव्हा त्याच्या जागी कॅप्टन नटॉल आला. त्याने उभारलेले कोळी पथक तंबू व सामानसुमानाविना डोंगरदऱ्यांतून कूच करू लागले. भगवंतराव व भागोजी पडले, तेव्हा मात्र त्यांची जागा घेणारा कोणी उरला नाही. शौर्यात आदिवासी वीर तसूभरही कमी नव्हते. उणीव होती ती नायकाच्या पश्चात टिकणाऱ्या संघटनेची.

त्याच जिल्ह्यात त्र्याहत्तर वर्षांनी निःशस्त्रांची एक सेना उभी राहिली. २ मार्च १९३० रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशकात प्रचंड मिरवणूक निघाली व काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ९ एप्रिलला रथ ओढण्याबाबत ठरलेला समझोता स्पृश्यांनी मोडला आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. बाबासाहेब त्या वेळी आपल्या सैनिकांसमवेत होते. ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या अपमान मारला गेला होता, त्या लोकांनी आपला नेता त्याच दगडांसमोर उभा असलेला पाहिला. हजार भाषणांनी जे साधले नसते, ते या एका दर्शनाने साधले.

तथापि त्या लढ्याचे खरे मोठेपण पुढे आहे. ऑक्टोबर १९३० मध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला निघाले. तरीही नाशिकचा सत्याग्रह खंडित झाला नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आदी कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालविला. नायक सातासमुद्रापार होता. त्याचा विचार मात्र गोदातीरी उभा होता. या लढ्याच्या अनुभवातूनच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची धर्मांतर-घोषणा झाली.

या प्रश्नाचे सर्वांत सखोल उत्तर तथागतांनी दिले आहे. पंचेचाळीस वर्षे ते गावोगावी चारिका करीत लोकांमध्ये राहिले. परंतु महापरिनिब्बानसमयी त्यांनी कोणालाही आपला उत्तराधिकारी नेमले नाही. आपल्या पश्चात धम्म व विनय हेच तुमचे शास्ता होत, असा बोध त्यांनी आनंदाला केला. आपल्या सान्निध्याचे रूपांतर त्यांनी शिस्तीत केले. म्हणून संघ टिकला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर वर्षभरात स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष लवकरच गटागटांत विभागला गेला, हे आपले दुःखद वास्तव आहे. आपण आजही प्रत्येक सभेत नव्या नायकाची वाट पाहतो. नायकाने संकटात आघाडीवर असावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण तो नसताना आपली रांग मोडते की टिकते, यावरच त्याच्या नेतृत्वाची आणि आपल्या निष्ठेची परीक्षा व्हायची आहे.