आंध जमातीतील मिश्र वंश व ओळख

आंध जमातीतील मिश्र वंश व ओळख : भिन्न जमातींच्या आईबापांची संतती, किंवा एका समाजात जन्मून दुसऱ्यात वाढलेले मूल, कोणत्या समाजाचे मानावे, हा मानवशास्त्राप्रमाणेच कायद्यातीलही प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आंधांच्या इतिहासात वंशाचा निवाडा प्रथम जमातीने व पुढे शासनाने केलेला दिसतो.

आंध ही मराठी बोलणारी, मुख्यत्वे शेतीवर जगणारी आदिवासी जमात होय. जिल्ह्यात ती विशेषतः पुसद, उमरखेड या भागांत व पैनगंगेपलीकडे नांदेड, हिंगोली जिल्ह्यांत आढळते. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मधील ग्रंथानुसार ही मूळची तेलुगू मुलखातील, पण मराठा समाजाच्या चालीरीती स्वीकारलेली जमात असावी. तिच्यात वरताळी (शुद्ध) व खालताळी (अनौरस संततीचे वंशज) असे दोन भेद होते. दोहोंत रोटीव्यवहार असे. बेटीव्यवहार मात्र नसे. वंशाबद्दल शंका असलेल्यांना जमातीने बाहेर टाकले नाही, तथापि बरोबरीचे स्थानही दिले नाही.

स्वातंत्र्यानंतर हा निवाडा अनुसूचित जमातींच्या यादीकडे गेला. विदर्भात ही यादी ठराविक तालुक्यांपुरती होती. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी व यवतमाळ या तीनच तालुक्यांतील आंधांना अनुसूचित दर्जा मिळाला. त्यामुळे पैनगंगेच्या दक्षिणेस नांदेडमधील आंध अनुसूचित, तर उत्तरेस पुसदमधील त्याचा सोयरा अनुसूचित नाही, अशी स्थिती निर्माण झाली. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन दूर झाले. हा कायदा १९७७ मध्ये अंमलात आला.

यानंतर जन्माच्या पुराव्याचा प्रश्न पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जातपडताळणी समित्यांची पद्धती घालून दिली. दाखल्यांबरोबरच चालीरीती, दैवते, विवाहविधी यांची माहितीही तपासली जाऊ लागली. ज्यांच्या चालीरीती शेजाऱ्यांशी एकरूप झाल्या आहेत, त्यांना ही कसोटी जड जाते. ती एकमेव निर्णायक मानू नये, असे न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

आदिवासी व बिगर-आदिवासी यांच्या संततीला पित्याची जात लागते, हे गृहीतक अंतिम नाही, असा निर्णय २०१२ मध्ये झाला. आदिवासी आईने वाढविलेल्या व तिच्या समाजाने आपले मानलेल्या अपत्यास तसा पुरावा देता येतो. दत्तकाच्या बाबतीत हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ हा केंद्र शासनाच्या अधिसूचनेवाचून अनुसूचित जमातींना लागू होत नाही; तेथे रूढीला महत्त्व राहते. मात्र प्रगत समाजातील व्यक्तीस केवळ दत्तक वा विवाहामुळे आरक्षणाचा लाभ मिळत नाही, असे १९९६ मध्ये ठरले.

जमातीच्या व्यवस्थेत खालताळीला दुय्यम का होईना, जागा होती. प्रमाणपत्रात अशी मधली जागा नसते. तेथे दावा वैध ठरतो किंवा अवैध. शिक्षण, नोकरी व जमीन यांचे हक्क त्यावर अवलंबून असल्याने मिश्र वंशाच्या कुटुंबांना हा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या पुरतो.