सात नवऱ्यांच्या बायका

‘डॉलर’ हा शब्द मूळचा बोहेमियातल्या एका डोंगरी गावाचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गावाचे नाव याकिमोव्ह. जर्मन लोक त्याला योआखिमस्टाल म्हणत. १५२० च्या सुमारास तेथल्या रुप्याची ‘टालर’ नाणी युरोपभर फिरू लागली. मला मात्र त्या नाण्यांहून त्यांच्यापायी जमिनीखाली उतरलेल्या माणसांचे कुतूहल अधिक.

या गावी १५२७ साली आग्रिकोला नावाचा वैद्य येऊन राहिला. त्याचा खाणींवरचा लॅटिन ग्रंथ १५५६ साली, तो वारल्यावर वर्षाने निघाला. त्यात पंप, चाके, भट्ट्या यांचे वर्णन रगड आहे. पण माझे मन अडते ते एका वाक्याशी. कार्पेथियन खाणींच्या मुलखात, तो लिहितो, सात-सात नवरे केलेल्या बायका सापडतात. साऱ्यांना क्षयाने नेलेले! सातव्या लग्नाला उभे राहताना त्या बाईला काय वाटले असेल, ते वैद्यबुवा सांगत नाहीत.

डोंगरापलीकडे सॅक्सनीतल्या श्नेबेर्गलाही हेच दुखणे होते. १८७९ साली हेर्टिंग व हेसे या डॉक्टरांनी दाखविले, की हा क्षय नव्हेच, फुफ्फुसातली दुष्ट गाठ आहे, आणि शंभरातले सुमारे पंचाहत्तर खाणकामगार तिनेच जातात. पुढे तो कर्करोग ठरला.

क्यूरीबाईंनी रेडियमसाठी टनावारी उकळलेला गाळ याकिमोव्हचाच. रेडियमातून एक वायू सुटतो, हे १९०० साली डोर्नला दिसले. हाच रेडॉन. त्याला ना रंग, ना वास. वायू श्वासाबरोबर येतो तसा बहुतेक जातोही. पण मोडताना तो पोलोनियमचे जे कण मागे ठेवतो, ते फुफ्फुसात बसून आतूनच मारा करतात. गंमत पाहा, त्याच गावी १९०६ साली रेडॉनच्या पाण्याची आरोग्यस्नाने सुरू झाली. ती अजून चालू आहेत!

महायुद्धानंतर रशियाला युरेनियम हवे झाले, तेव्हा याकिमोव्हच्या खाणींत राजकीय कैदी उतरविले गेले. अज्ञानाची सबब आग्रिकोलाच्या काळाला चालेल. या लोकांना ती मी देणार नाही.

घरांकडे लक्ष गेले ते फार उशिरा. १९८४ साली पेनसिल्व्हानियातल्या एका अणुवीजकेंद्रात स्टॅन्ली वॉट्रस हा इंजिनियर शिरला, की दारातले यंत्र ओरडे. केंद्र तर अजून सुरूही झाले नव्हते! शोध घेता कळले, की किरणोत्सर्ग तो घरूनच आणीत होता. जमिनीतला रेडॉन घरात भरला होता. कुटुंबाला घर सोडावे लागले. जमिनीखालची हवा बाहेर काढण्याची सोय झाल्यावर ते परत राहावयास आले.