मारिओ विल्यम्स : बचावफळीतील खेळाडूच्या मोजमापाचा वाद

अमेरिकेतील राष्ट्रीय फुटबॉल लीग, अर्थात एनएफएलमध्ये आधीच्या मोसमात सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला महाविद्यालयीन खेळाडूंमधून पहिली निवड करण्याचा हक्क मिळतो. २००५ च्या मोसमात १६ पैकी केवळ २ सामने जिंकणाऱ्या ह्यूस्टन टेक्सन्स संघाला एप्रिल २००६ मध्ये ही संधी मिळाली आणि संघाने नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या मारिओ विल्यम्सची निवड केली. हा निर्णय अनेक चाहत्यांना मुळीच रुचला नाही. विल्यम्स खरोखर किती चांगला खेळाडू आहे, यावर ह्यूस्टनमध्ये सुरू झालेला वाद पुढे कित्येक वर्षे चालू राहिला.

नाराजीचे कारण उघड होते. चेंडू घेऊन वेगाने धावणारा रेजी बुश आणि मूळचा ह्यूस्टनचाच असलेला क्वार्टरबॅक व्हिन्स यंग, हे दोघेही उपलब्ध होते. जानेवारी २००६ मधील रोझ बोल सामन्यात यंगच्या टेक्सास विद्यापीठाने बुशच्या संघावर ४१-३८ असा विजय मिळविला होता. अशा तळपत्या खेळाडूंना वगळून संघाने बचावफळीच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू घेतला व त्याच्याशी ६ वर्षांसाठी ५ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. संघव्यवस्थापनाच्या निर्णयामागील तर्क मात्र समजण्याजोगा होता. इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याच्याशी टेक्सन्सची दरवर्षी दोनदा गाठ पडत असे आणि त्याला रोखणारा खेळाडू संघाकडे नव्हता.

विल्यम्सच्या स्थानावरील खेळाडूचे मूल्यमापन मुख्यत्वे ‘सॅक’च्या संख्येवरून होते. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्यापूर्वीच त्याला आरंभरेषेच्या मागे पाडणे म्हणजे सॅक. १९८२ पासून एनएफएलमध्ये त्याची अधिकृत नोंद ठेवली जाते. दोघांनी मिळून पाडल्यास प्रत्येकाच्या नावावर अर्धा सॅक लागतो.

पहिल्या मोसमात विल्यम्सच्या नावावर अवघे साडेचार सॅक लागले. तळपायाच्या दुखण्यासह तो खेळत होता, ही बाब टीकाकारांनी फारशी विचारात घेतली नाही. त्यातच १० डिसेंबर २००६ रोजी टेनेसी टायटन्सकडून खेळणाऱ्या यंगने ह्यूस्टनच्याच मैदानावर, जादा वेळेत, ३९ यार्ड धावत जाऊन सामना जिंकून दिला. चाहत्यांच्या जखमेवर मीठ चोळण्यास एवढे पुरेसे होते.

२००७ मध्ये १४ आणि २००८ मध्ये १२ सॅक नोंदवून विल्यम्सने उत्तर दिले. तरीही वाद शमला नाही, केवळ त्याचे स्वरूप बदलले. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने प्रत्येक सामन्यावर छाप पाडली पाहिजे, असा एका गटाचा आग्रह होता. दुसऱ्या गटाच्या मते, ज्याला अडविण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांना दोन-दोन खेळाडू गुंतवावे लागतात, त्याचे योगदान सॅकच्या रकान्यात पूर्णपणे उतरत नाही. क्रिकेटमध्ये एका टोकाकडून धावा रोखणाऱ्या गोलंदाजामुळे दुसऱ्या टोकाला बळी पडतात, तसाच हा प्रकार आहे. मात्र या युक्तिवादाला मर्यादाही आहे. अशा दडपणाचा लाभ घेणारे सहकारी टेक्सन्सकडे त्या काळात फारसे नव्हते आणि संघाचा बचाव एकंदरीत दुबळाच राहिला.

२०११ मध्ये पाच सामन्यांत पाच सॅक नोंदविल्यानंतर छातीच्या स्नायूला दुखापत होऊन विल्यम्सचा मोसम संपला. त्याच्याविना टेक्सन्सने प्रथमच आपल्या विभागाचे विजेतेपद मिळविले. टीकाकारांच्या हाती हा सर्वांत धारदार मुद्दा लागला, तथापि त्याच वर्षी संघात नवा बचाव प्रशिक्षक आणि जे. जे. वॉटसारखे नवे खेळाडू आले होते, हेही विसरता येत नाही.

२०१२ मध्ये विल्यम्स ६ वर्षांच्या, १० कोटी डॉलरपर्यंतच्या कराराने बफेलो बिल्स संघात गेला. तेथे मार्सेल डॅरियस व काइल विल्यम्स यांच्यासारखे भक्कम खेळाडू मधली फळी सांभाळत होते. २०१४ मध्ये त्याने कारकिर्दीतील सर्वाधिक साडेचौदा सॅक नोंदविले. २०१६ मध्ये मायामी डॉल्फिन्सकडून तो अखेरचे खेळला, तेव्हा त्याच्या नावावर एकूण साडेसत्त्याण्णव सॅक होते. त्यांपैकी ५३ ह्यूस्टनसाठी होते आणि वॉटने मागे टाकेपर्यंत तो टेक्सन्सचा विक्रम होता. ज्याच्यासाठी चाहते हळहळले, त्या व्हिन्स यंगचा एनएफएलमधील अखेरचा मोसम २०११ चाच ठरला.