बड्यांच्या ताटातला वाटा

अमेरिकेत लष्करी संशोधनाच्या सरकारी पैशातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढून ठेवावा लागत आला आहे. ही सक्ती 1982 च्या एका कायद्याने आली. ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च’, म्हणजे एसबीआयआर, हे त्या योजनेचे नाव. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात रडारपासून अणुबॉम्बपर्यंत जे घडले, ते प्रामुख्याने विद्यापीठे आणि बडे कारखाने यांच्या जोरावर. शीतयुद्धातही कंत्राटांचा ओघ त्याच दारांकडे राहिला. पन्नास माणसांच्या कंपनीकडे चांगली कल्पना असली, तरी पेंटागॉनच्या निविदेची कागदपत्रे भरण्यातच तिचा दम निघे.

गंमत अशी की योजनेचा साचा लष्कराने घडवलेला नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशन या नागरी संस्थेत रोलंड टिबेट्स या अधिकाऱ्याने 1977 मध्ये तो प्रथम वापरून पाहिला. सिनेटर एडवर्ड केनेडी यांचा छोट्या उद्योगांसाठीचा आग्रह त्याच्या पाठीशी होता. टिबेट्स खासगी उद्योगातून आलेले होते आणि त्यांचा हिशेब व्यापाऱ्याचा होता. पहिल्या टप्प्यात थोडे पैसे देऊन कल्पनेत तथ्य आहे का ते तपासायचे; जी टिकेल तिलाच दुसऱ्या टप्प्यात नमुना बनवण्यासाठी मोठी रक्कम द्यायची. तिसऱ्या टप्प्यात योजनेतून छदामही मिळणार नाही. वस्तू विकत घेणारा कोणीतरी असायला हवा, मग तो बाजार असो की एखादे सरकारी खाते.

हा साचा सगळ्या सरकारला लावायचे ठरले तेव्हा विद्यापीठे आणि खुद्द सरकारी खाती विरोधात उभी राहिली. कारण सरळ होते. कायद्यात नवा पैसा नव्हता. ज्या खात्याचा बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाचा खर्च 10 कोटी डॉलरपेक्षा जास्त, त्याने आहे त्याच रकमेतून वाटा काढायचा होता. तरीही 22 जुलै 1982 रोजी अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. वाटा सुरुवातीला 0.2 टक्के होता आणि पायरीपायरीने 1.25 टक्क्यांवर जाणार होता. संरक्षण खात्याचा आकार एवढा अवाढव्य की त्याला आणखी सावकाश चढायची सवलत मिळाली. पहिल्या वर्षी फक्त 0.1 टक्का. पुढे 1992 च्या दुरुस्तीने हा आकडा 2.5 पर्यंत आणि 2011 च्या दुरुस्तीने 3.2 पर्यंत नेला. टक्के किरकोळ दिसतात, पण मूळ रक्कम प्रचंड असल्याने संरक्षण खातेच या योजनेतला सर्वांत मोठा दाता ठरले.

कामाची रीत अशी. भूदल, नौदल, हवाई दल आपापल्या अडचणी ‘विषय’ म्हणून जाहीर करत आणि पाचशेपर्यंत माणसे असलेल्या अमेरिकी कंपन्या त्यावर प्रस्ताव पाठवत. सुरुवातीच्या काळात पहिल्या टप्प्याला साधारण 50 हजार आणि दुसऱ्याला 5 लाख डॉलर मिळत. तंत्राची माहिती कंपनीच्या हाती राहते. सरकारने ती परस्पर दुसऱ्या कंपनीला देऊ नये, यासाठी 2019 पासून 20 वर्षांचे संरक्षण आहे. शिवाय आधीच्या टप्प्यांत निवड झालेल्या कंपनीला तिसऱ्या टप्प्याचे कंत्राट पुन्हा निविदा न काढता देता येते. कायद्यातले हे सर्वांत किमती कलम. वापरायला धजावणारे अधिकारी मात्र थोडे.

नौदलात ते वापरले गेले. ऐंशीच्या दशकात सोव्हिएत पाणबुड्यांचा आवाज झपाट्याने कमी झाला. 1985 मध्ये पकडलेल्या, अमेरिकी नौदलाच्या माजी अधिकारी जॉन वॉकरच्या हेरगिरीने पाणबुड्यांचा माग काढण्याची अमेरिकेची गुपिते मॉस्कोला पोचली होती, हेही उघड झाले. शत्रूची चाहूल घेणारी सोनार यंत्रणा मात्र खास लष्करासाठी बनवलेल्या संगणकांवर चालत होती. ते संगणक महाग होते आणि त्यांत बदल करायचा तर वर्षे जात. त्यातच शीतयुद्ध संपल्यावर पैसाही आटला. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स इथल्या डिजिटल सिस्टम रिसोर्सेस या छोट्या कंपनीने एसबीआयआरच्या पैशावर वेगळा मार्ग काढला. सोनारची आकडेमोड बाजारात मिळणाऱ्या साध्या प्रोसेसरवर चालावी, अशी रचना तिने तयार केली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात नौदलाने याच विचारावर पाणबुड्यांची सोनार यंत्रणा बदलायला घेतली. पाण्यातले कान जुनेच राहिले. आत बसलेला मेंदू तेवढा बदलला आणि पुढे तो ठरावीक मुदतीने नवा करत राहणे सोपे झाले. 2003 मध्ये जनरल डायनॅमिक्सने ही कंपनी विकत घेतली. छोट्यांसाठीच्या योजनेतला यशस्वी छोटा शेवटी बड्याच्या पोटात गेला.

बहुतेकांच्या वाट्याला एवढेही आले नाही. नमुना तयार होतो, चाचणीत उत्तीर्ण होतो आणि मग अडतो. कारण संशोधनाचा पैसा देणारे कार्यालय वेगळे आणि खरेदीचे अंदाजपत्रक सांभाळणारे वेगळे. या मधल्या अंतराला तिथे ‘मृत्यूची दरी’ म्हणतात. दुसरीकडे, वस्तू विकण्याच्या भानगडीत न पडता वर्षानुवर्षे नुसते प्रस्ताव जिंकत राहण्यावर जगणाऱ्या कंपन्याही निपजल्या. त्यांना तुच्छतेने ‘एसबीआयआर गिरण्या’ म्हटले जाते. पण त्यांतल्या काही कंपन्या प्रयोगशाळांइतक्याच उपयोगी आहेत, आणि ही बाजू टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

पैसे हाती पडण्यातल्या दिरंगाईवर उपाय म्हणून हवाई दलाने मार्च 2019 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पिच डे’ भरवला. कंपन्यांनी मंचावर येऊन आपली कल्पना मांडायची, निवड झाली की तिथल्या तिथे करारावर सही, आणि पहिला हप्ता सरकारी क्रेडिट कार्डाने काही मिनिटांत जमा. एरवी याच कामाला महिने लागत.

कायदा कायमचा नसल्याने दर काही वर्षांनी त्याची मुदत वाढवावी लागते. 2008 नंतर जोखीम भांडवल (व्हेंचर कॅपिटल) पुरवणाऱ्या कंपन्यांची मालकी असलेल्या उद्योगांना पात्र धरावे का, यावर वाद अडला आणि तीन वर्षे तात्पुरत्या मुदतवाढींवर निघाली. 2022 मध्ये पुन्हा तीन वर्षे मिळाली. त्या वेळी चीनसारख्या देशांशी असलेले संबंध तपासण्याची आणि वारंवार जिंकणाऱ्यांनी फळ दाखवण्याची अट कडक झाली. ती मुदत 30 सप्टेंबर 2025 रोजी संपली. वारंवार जिंकणाऱ्या कंपन्यांवर मर्यादा घालावी असे एका गटाचे म्हणणे होते, तर दुसऱ्याला योजना कायम करून हवी होती. एकमत न झाल्याने वेळेत मुदतवाढ मिळाली नाही आणि नवे पुरस्कार थांबले.